पाण्यातलं नाणं वर का दिसतं, भिंग उलटं का दाखवतं: घरच्या घरी मोजून पाहण्याची रीत

पाण्यातलं नाणं वर आलेलं दिसतं, हे दाखवायला दोन मिनिटं पुरतात. ते नेमकं किती वर आलं, हे मोजायला अर्धा तास लागतो, आणि प्रयोगवहीत बहुतेक वेळा हाच अर्धा तास गाळलेला असतो. ही रीत त्या अर्ध्या तासासाठी आहे. नववी-दहावीच्या मुलांना, अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलवाल्यांना आणि प्रयोगशाळा नावापुरतीच असलेल्या शाळांतल्या शिक्षकांना ती वापरता येईल.

सामान फार नाही: सरळ भिंतींची उंच पारदर्शक बरणी (तोंडाशी निमुळती नको), प्लास्टिकचं खोल टब, पट्टी, टाचण्या, काचेची चिप, बाजूने सरळ असलेला काचेचा ग्लास, १५ ते २५ सेंमी नाभीय अंतराचं (समांतर किरण भिंगापासून जितक्या लांब एकत्र येतात ते अंतर) हातातलं भिंग, सपाट आरसा, मोबाइलची टॉर्च. पडदा म्हणून लग्नपत्रिकेची कोरी पांढरी बाजू चांगली चालते. ती जाड असते, वाकत नाही आणि घरोघरी गठ्ठ्याने पडलेली असते.

प्रतिमेची जागा शोधण्याची एकच खात्रीची पद्धत

पडद्यावर उमटणारी प्रतिमा शोधणं सोपं: पडदा पुढेमागे करा, ती ठसठशीत झाली की जागा सापडली. आभासी प्रतिमा पडद्यावर येत नाही, म्हणून तिथे लोक अंदाज ठोकतात. तो अंदाज कायम चुकतो, कारण ओळखीच्या वस्तूचं अंतर डोळा नव्हे, मेंदू ठरवतो.

खरी पद्धत डोकं हलवण्याची आहे. प्रतिमेच्या शेजारी एक टाचणी धरा, एक डोळा मिटा आणि डोकं डावी-उजवीकडे हलवा. दोघींपैकी जी लांब आहे ती डोक्याच्या दिशेने सरकल्यासारखी दिसते, जी जवळ आहे ती उलट दिशेला. टाचणी हळूहळू हलवत जा. दोन्ही एकमेकींना चिकटल्यासारख्या बरोबर सरकू लागल्या की टाचणी जिथे आहे तिथेच प्रतिमा आहे. पुढच्या जवळजवळ प्रत्येक मोजमापात हेच करायचं आहे, म्हणून आधी खिडकीचा गज आणि बाहेरचा विजेचा खांब घेऊन पाच मिनिटं सराव करा.

सपाट पृष्ठभाग: बरणी आणि नाणं

बरणीच्या तळाशी, भिंतीला लागून नाणं ठेवा आणि त्याच्या वरच्या पृष्ठापासून २४ सेंमी उंचीपर्यंत पाणी भरा. बरणीच्या बाहेर, नाण्याच्या अगदी शेजारी पट्टी उभी करा. पट्टीवर वर-खाली सरकेल असा बुचाचा तुकडा बांधा आणि त्यात टाचणी आडवी खोचा. आता वरून, पाण्यापासून अर्धा मीटर उंचीवरून, शक्य तितकं सरळ खाली पाहा. नाणं पाण्यातून दिसेल, टाचणी हवेतून, दोन्ही शेजारी-शेजारी. डोकं हलवा. नाणं डोक्याच्या दिशेने जात असेल तर ते टाचणीपेक्षा खाली आहे, टाचणी उतरवा. उलट जात असेल तर चढवा.

टाचणी थांबेल ती नाण्यापासून ६ सेंमी वर, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाखाली १८ सेंमीवर. २४ भागिले १८ म्हणजे १.३३, हा पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे पाणी प्रकाशाला किती वळवतं त्याचं माप. उत्तर १.२८ ते १.३८ मध्ये आलं तर हात बरा आहे.

उत्तर १.५ च्या पुढे गेलं तर तुम्ही तिरकं पाहत होता. 'भासमान खोली म्हणजे खरी खोली भागिले अपवर्तनांक' हे सूत्र फक्त जवळजवळ सरळ वरून पाहिल्यासच खरं आहे. स्तंभिकेशी, म्हणजे पृष्ठभागाला लंब असलेल्या रेषेशी, ४५ अंश करून पाहिलं तर तेच २४ सेंमी पाणी सुमारे १५ सेंमी वाटतं. दुसरी नेहमीची चूक पट्टीच्या शून्याची: पट्टीचं शून्य नाण्याच्या पातळीत असत नाही, ते बरणीच्या जाड तळामुळे खाली राहतं. आधी रिकाम्या बरणीत टाचणी नाण्याच्या पातळीला आणून ते वाचन लिहून ठेवा आणि पुढच्या सगळ्या वाचनांतून ते वजा करा.

हे तिरकं पाहणं फक्त वहीपुरतं नाही. गिरणेच्या पाटात किंवा यावल-रावेरकडच्या शेततळ्यात काठावर उभं राहून पाहणारा कधीच सरळ खाली पाहत नसतो. नजर स्तंभिकेशी ६० अंशांचा कोन करत असेल तर सहा फूट पाणी जेमतेम तीन फूट वाटतं. 'कमरेइतकंच आहे' म्हणून उतरणाऱ्याच्या डोक्यावरून पाणी जातं ते याच हिशेबाने. तळ दिसतोय म्हणजे पाय पुरेल, असं मुळीच नाही. काठीने किंवा दोरीला दगड बांधून मोजल्याशिवाय उतरू नका, आणि मुलांना तर हे गणित करूनच दाखवा.

नेम का चुकतो

वायरिंगची २० मिमीची पीव्हीसी नळी घ्या, साधारण ३० सेंमीचा तुकडा. ठिबकची लॅटरल शेतात पडलेली असते म्हणून ती वापरायचा मोह होतो, पण ती गुंडाळीतून आलेली असते आणि तिचा वाक काही केल्या जात नाही. नळी लाकडी ठोकळ्याला किंवा स्टँडला ४५ अंशांत घट्ट बांधा. टबात २० सेंमी पाणी घ्या, नळीतून पाहा आणि नाणं नळीच्या बरोबर मधोमध दिसेल असं सरकवून ठेवा. आता पाहणं थांबवा आणि नळीतून सैलसर जाईल अशी सरळ लाकडी दांडी तळाला टेकेपर्यंत सारा.

दांडी नाण्याच्या पलीकडे पडते, तब्बल ७ ते ८ सेंमीने. हिशेब असा: दांडी सरळ जाते, म्हणून २० सेंमी खोलीत ती २० सेंमी पुढे सरकते. प्रकाश मात्र पाण्यात स्तंभिकेशी ३२ अंशांचाच कोन करतो, म्हणून नाणं फक्त साडेबारा सेंमी पुढे आहे. भाल्याने मासा मारणारा माशाच्या खाली नेम धरतो तो याचसाठी.

दांडी सारताना नळीतून पाहू नका. पाण्यात शिरलेला दांडीचा भागही वर उचललेला दिसतो आणि सगळाच गोंधळ होतो. दांडीच्या जागी लेसर पॉइंटर लावला तर त्याचा ठिपका अचूक नाण्यावर पडतो, कारण आला त्याच वाटेने प्रकाश परत जातो. हा फरक मुलांना एकापाठोपाठ एक दाखवला की पुढे आकृती काढावी लागत नाही. लेसर डोळ्यांच्या पातळीवर नको, आणि पाण्यावरून परावर्तित होणारा ठिपका कुठे जातो तेही आधी पाहून घ्या.

पाण्यातून बाहेर येणारा किरण स्तंभिकेशी ४८.६ अंशांपेक्षा मोठा कोन करत असेल तर तो बाहेर येतच नाही, पूर्णपणे आत परततो. एप्रिल-मे महिन्यांत धुळे-जळगाव रस्त्यावर पुढे पाणी साचल्यासारखं दिसतं, त्यामागेही नात्यातलंच कारण आहे. फक्त तिथे एक ठाम पृष्ठभाग नसतो. डांबराला लागून असलेल्या तापलेल्या विरळ हवेत किरण थोडा-थोडा वळत जातो आणि आकाशाचा तुकडा रस्त्यावर दिसतो.

काचेची चिप

चिपेच्या एका बाजूला दोन टाचण्या रोवायच्या, दुसऱ्या बाजूने चिपेतून पाहत आणखी दोन त्यांच्या रेषेत लावायच्या आणि किरणाची वाट आखायची: हा प्रयोग बहुतेकांना माहीत आहे, म्हणून फक्त जिथे बिघडतो तेवढंच. चिपेची कड पेन्सिलीने आखून घेतल्यावर ती तसूभरही हलता कामा नये. टाचण्या सरळ उभ्या असाव्यात आणि जुळवताना त्यांची डोकी नव्हे, कागदात रुतलेली टोकं एका रेषेत आणावीत. एका बाजूच्या दोन टाचण्यांत किमान ५ सेंमी अंतर ठेवा. २ सेंमी ठेवलंत तर टाचणीच्या जाडीमुळेच रेषा दोन-तीन अंश फिरते. चिपेची घासलेली, धूसर बाजू वर-खाली असावी, पाहण्याच्या वाटेत नको.

निर्गत (बाहेर पडणारा) किरण आपाती (आत शिरणाऱ्या) किरणाला समांतर निघतो, पण बाजूला सरकलेला असतो. ५ सेंमी रुंद चिप आणि १.५ अपवर्तनांक धरला तर आपतन कोन ३० अंश असताना सरकणं सुमारे १ सेंमी, ४५ अंशांना १.६ सेंमी, ६० अंशांना २.६ सेंमी भरतं. तुमच्या आकृतीत दोन्ही किरण समांतर येत नसतील तर आधी टाचण्यांवर संशय घ्या. पुन्हा केल्यावरही तेच आलं तर चिपेच्या दोन्ही कडा समांतर नाहीत, स्वस्तातल्या चिपांत असं सापडतं.

चिपेखालचं अक्षर वर उचललेलं दिसतं, ५ सेंमी जाडीला सुमारे १.७ सेंमी. कॉलेजात चल-सूक्ष्मदर्शक (पट्टीवर सरकवून अंतर वाचता येणारा सूक्ष्मदर्शक) असेल तर तीन वाचनं घ्या: नुसत्या खुणेचं, चिपेतून दिसणाऱ्या खुणेचं, आणि चिपेच्या वरच्या पृष्ठावर भुरभुरलेल्या खडूच्या पुडीचं. तिसऱ्यातून पहिलं वजा करा, तिसऱ्यातून दुसरं वजा करा, पहिल्या वजाबाकीला दुसरीने भागा. पुडी चिमूटभरच टाका. थर झाला तर कोणत्या कणावर फोकस केला तेच कळत नाही.

इथपर्यंत पाहिलेल्या सगळ्या प्रतिमा आभासी आहेत. वस्तूपासून पसरत निघालेले किरण सपाट पृष्ठभाग ओलांडल्यावरही पसरतच राहतात, फक्त ते दुसऱ्याच ठिकाणाहून आल्यासारखे वाटतात. त्यांना पुन्हा एकत्र आणायचं तर पृष्ठभागाला वाक हवा.

वक्र पृष्ठभाग: आधी सूत्र, मग पाण्याचा ग्लास

भिंगाच्या सूत्रापासून सुरुवात करण्याची पद्धत आम्हाला पटत नाही. एका वक्र पृष्ठभागाचं सूत्र आधी नीट समजलं तर नाणंही त्यातच बसतं आणि भिंगही. ते असं:

(दुसऱ्या माध्यमाचा अपवर्तनांक ÷ प्रतिमेचं अंतर) − (पहिल्या माध्यमाचा अपवर्तनांक ÷ वस्तूचं अंतर) = (दुसरा अपवर्तनांक − पहिला अपवर्तनांक) ÷ वक्रता त्रिज्या

अंतरं पृष्ठभागापासून मोजायची. प्रकाश ज्या दिशेने चालला आहे त्या दिशेला धन, उलट दिशेला ऋण. वक्र पृष्ठभाग ज्या गोलाचा भाग आहे त्याची त्रिज्या ती वक्रता त्रिज्या आणि त्याचं केंद्र ते वक्रता केंद्र. हे केंद्र प्रकाशाच्या पुढे असेल तर त्रिज्या धन, मागे असेल तर ऋण. काही जुन्या पुस्तकांत 'वास्तव ते धन, आभासी ते ऋण' असा वेगळा संकेत आहे. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच गणितात दोन्ही मिसळले की उत्तराचा सत्यानाश. बोर्डाच्या परीक्षेसाठी आधी सांगितलेला धन-ऋण दिशांचा, म्हणजे कार्टेशियन संकेतच ठेवा, आणि चिन्ह आकड्याला लावा, सूत्राला नव्हे. सूत्रातल्या वजाबाकीत आणखी एक वजा 'आपल्या मनाने' घालणं ही सर्वात जास्त आढळणारी चूक आहे.

पृष्ठभाग सपाट असेल तर त्रिज्या अनंत, उजवी बाजू शून्य. पाण्यातून हवेत पाहताना नाण्याचं अंतर −२४ टाका, प्रतिमा −१८ वर येते. बरणीत मोजलेलं तेच उत्तर.

आता ७ सेंमी व्यासाचा सरळ ग्लास पाण्याने भरा, म्हणजे त्रिज्या ३.५ सेंमी. दूरवरून येणारे समांतर किरण पुढच्या पृष्ठावर पडतात. वस्तूचं अंतर अनंत, म्हणून १.३३ ÷ प्रतिमेचं अंतर = ०.३३ ÷ ३.५. प्रतिमा पुढच्या पृष्ठापासून १४ सेंमीवर यायला हवी. पण ग्लास तर ७ सेंमीवरच संपतो. किरण एकत्र येण्याआधीच मागच्या पृष्ठावर पोचतात, आणि ज्या ठिकाणी ते जाणार होते ती जागा मागच्या पृष्ठासाठी 'वस्तू' ठरते, अंतर +७. तिथे त्रिज्या −३.५, कारण केंद्र मागे राहिलं. सूत्रात टाकल्यावर प्रतिमा मागच्या पृष्ठाबाहेर ३.५ सेंमीवर येते. एका पृष्ठाची प्रतिमा ती पुढच्या पृष्ठाची वस्तू, ही एक पायरी कळली की दुर्बीण आणि सूक्ष्मदर्शक हे फक्त लांबलेले हिशेब राहतात.

पडताळा घ्यायला कागदावर डावीकडे तोंड असलेला बाण काढा, ग्लासच्या मागे उभा धरा आणि समोरून मीटरभर लांबून पाहा. कागद ग्लासला टेकलेला असताना बाण त्याच दिशेला आणि रुंद दिसतो. कागद मागे नेत गेलात की साधारण साडेतीन-चार सेंमीवर तो पसरून पुसट होतो आणि त्यापुढे उजवीकडे तोंड करून परत येतो. बाण उभा काढला तर तो उलटत नाही, कारण ग्लासला आडवा वाक आहे, उभा नाही. वर-खालीही उलटायला हवं असेल तर गोल बुडाचा चंबू घ्या. तळाशी निमुळता होणारा ग्लास या प्रयोगाला नको. वरची आणि खालची त्रिज्या वेगळी असल्याने बाण तिरपा होतो आणि उलटण्याची जागा ठरवता येत नाही.

पाण्याने भरलेला गोल चंबू किंवा बरणी उन्हात सोडून जाऊ नका. मे महिन्यात खिडकीतल्या अशा चंबूमागे कागद किंवा वाळलेला चारा आला तर धुमसायला वेळ लागत नाही.

भिंगाचं नाभीय अंतर

झटपट रीत: अंधाऱ्या खोलीत खिडकीसमोरच्या भिंतीवर बाहेरच्या दूरच्या झाडाची प्रतिमा पाडा आणि भिंग ते भिंत हे अंतर मोजा. प्रश्न 'दूर' म्हणजे किती हा आहे. भिंग २० सेंमीचं असेल आणि झाड ५ मीटरवर, तर प्रतिमा २०.८ सेंमीवर पडते, म्हणजे ४ टक्के चूक. २० मीटरवरच्या झाडाला २०.२, ती चालेल. खोलीतल्याच ट्यूबलाइटची प्रतिमा पाडून 'नाभीय अंतर' लिहिणाऱ्यांचं उत्तर कायम जास्त का येतं, ते यातून कळेल.

सूर्याला 'दूर' असण्याची अडचण नाही. खान्देशचा बराचसा भाग २१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या आगेमागे सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. घड्याळातले बारा वाजता नव्हे, कारण आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर चालतात आणि आपण त्याच्या बऱ्याच पश्चिमेला आहोत. त्या वेळी भिंग जमिनीला समांतर धरलं की पुरतं, तिरपं करून जुळवावं लागत नाही. खाली कागद नको, फरशी किंवा वीट ठेवा. २० सेंमीच्या भिंगाखाली सूर्याचा ठिपका सुमारे १.९ मिमीचा असतो. तो बिंदू नाही, सूर्याची प्रतिमाच आहे, म्हणून तो आणखी लहान करण्याच्या नादात भिंग पुढेमागे करत बसू नका. भिंगातून सूर्याकडे पाहू नका, कोणत्याही कारणाने नाही. चकाकणाऱ्या ठिपक्याकडेही टक लावू नका.

अचूक रीत, एका मीटरपट्टीवर: टॉर्चवर बटर पेपर चिकटवा आणि त्यावर काळ्या शाईने 'ज' लिहा. अक्षर असं हवं की डावं-उजवं आणि वर-खाली दोन्ही ओळखता येईल. अक्षरापासून बरोबर १०० सेंमीवर पडदा उभा करा आणि दोन्ही आता हलवू नका. भिंग अक्षराजवळून पडद्याकडे सरकवत न्या. २० सेंमीचं भिंग २७.६ सेंमीवर मोठी उलट प्रतिमा देईल, आणि ७२.४ सेंमीवर पुन्हा एकदा लहान उलट प्रतिमा. या दोन जागांमधलं अंतर ४४.८ सेंमी. १०० च्या वर्गातून ४४.८ चा वर्ग वजा करा, ४०० ने भागा, २० येतं. भिंगाचा मध्य नेमका कुठे आहे याची चूक इथे आपोआप कटते, कारण आपण दोन जागांमधला फरकच वापरला. म्हणून ही रीत आम्हाला सर्वात भरवशाची वाटते.

अक्षर आणि पडदा यांच्यातलं अंतर नाभीय अंतराच्या चौपटीहून कमी असेल, म्हणजे इथे ८० सेंमीहून कमी, तर भिंग कुठेही ठेवलं तरी प्रतिमा येत नाही. चाळिशीच्या चष्म्यातली +२.५ ची काच वापरणाऱ्यांची इथेच फसगत होते. तिचं नाभीय अंतर १०० भागिले २.५, म्हणजे ४० सेंमी, आणि तिला किमान १६० सेंमी लांबी लागते. एका मीटरपट्टीवर ती काच काही केल्या जमणार नाही.

प्रतिमेच्या कडा पिवळसर-निळसर दिसतात, कारण काच प्रत्येक रंगाला थोडी वेगळी वळवते. मध्य स्पष्ट आणि कडा धुरकट असतील तर भिंगाच्या काठावरचे किरण जरा अलीकडेच एकत्र येताहेत. पुठ्ठ्यात १ सेंमीचं भोक पाडून ते भिंगावर ठेवा, प्रतिमा मंद पण रेखीव होईल. भिंग कललेलं असेल तर 'ज'च्या आडव्या आणि उभ्या रेषा वेगवेगळ्या जागी स्पष्ट होतात, ते सरळ करा.

भिंगाचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला तर काय होईल, हे मुलांना आधी विचारा, मग झाका. बहुतेक जण 'अर्धीच प्रतिमा' म्हणतात. दोष आकृतीचा आहे, तिच्यात एका टोकापासून दोनच किरण काढलेले असतात. प्रत्यक्षात 'ज'च्या प्रत्येक बिंदूतून निघालेले किरण अख्ख्या भिंगावर पडतात आणि अख्ख्या भिंगातून येऊन एका बिंदूला मिळतात. अर्धं झाकलं की अक्षर पूर्णच राहतं, फक्त उजेड निम्मा होतो.

भिंग, आरसा आणि चमचाभर तेल

शेवटी एक असा प्रयोग, ज्यात वक्र आणि सपाट पृष्ठभाग एकत्र कामाला लागतात. बारावीला असतो, पण दहावीच्या मुलालाही जमतो.

आरसा जमिनीवर सपाट ठेवा, त्यावर दोन्ही बाजूंनी सारखं फुगीर भिंग. वर स्टँडला टाचणी आडवी धरा, टोक भिंगाच्या मध्यावर. टाचणीच्या वर फूटभर डोळा ठेवून खाली पाहा. टाचणीची उलट प्रतिमा दिसेल. टोकाला टोक भिडवा, डोकं हलवा, दोन्ही एकत्र सरकेपर्यंत टाचणी वर-खाली करा. टाचणीपासून भिंगाच्या वरच्या पृष्ठापर्यंत आणि आरशापर्यंत अशी दोन अंतरं घेऊन सरासरी काढा. हे भिंगाचं नाभीय अंतर, समजा २० सेंमी.

भिंग उचला, आरशावर पाण्याचे चार-सहा थेंब टाका आणि भिंग परत ठेवा. थेंब पसरून भिंगाखाली भरतील. वरून भिंगाचा फुगवटा, खालून सपाट आरसा, मध्ये पाणी: पाण्याचं एक अंतर्वक्र भिंग तयार झालं. आता टाचणी सुमारे ३० सेंमीवर न्यावी लागेल. १/३० मधून १/२० वजा करा, −१/६० येतं, म्हणजे पाण्याच्या भिंगाचं नाभीय अंतर −६० सेंमी.

भिंग आणि आरसा पुसून कोरडे करा आणि हेच शेंगदाणा तेलाने करा. टाचणी ३७.७ सेंमीच्या आसपास थांबेल. १/३७.७ वजा १/२०, म्हणजे −१/४२.६. पाण्याचा अपवर्तनांक आपल्याला ठाऊकच आहे, त्यामुळे भिंगाची त्रिज्या वेगळी मोजायला नको: ०.३३३ गुणिले ६० भागिले ४२.६ म्हणजे ०.४६९, त्यात १ मिळवा. तेलाचा अपवर्तनांक १.४७. गोलमापक (वक्रता त्रिज्या मोजण्याचं साधन) नसलेल्या शाळेला ही युक्ती फार उपयोगी पडते.

तीन गोष्टी सांभाळा. भिंगाखाली बुडबुडा राहिला तर प्रतिमा दुहेरी दिसते, भिंग एका कडेने हळू टेकवा. दोन्ही द्रवांना भिंगाची तीच बाजू खाली ठेवा, काठावर मार्करची खूण करा. आणि प्रतिमा धूसर म्हणून तेल जास्त ओतू नका. ते भिंगाच्या वर चढलं तर नवा पृष्ठभाग तयार होतो आणि हिशेब बिनसतो.

यावरून तेलातली भेसळ ओळखता येईल का, हा प्रश्न हटकून येतो. नाही. शेंगदाणा, सरकी, सूर्यफूल, सोयाबीन या सगळ्यांचे अपवर्तनांक १.४६ ते १.४८ मध्ये आहेत, आणि टाचणी वाचण्यात अर्ध्या सेंमीची चूक झाली तरी उत्तर ०.००७ ने हलतं. शिवाय तेलाचा अपवर्तनांक दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०००४ ने उतरतो, म्हणजे मेमधल्या ४२ अंशांत आणि जानेवारीतल्या १५ अंशांत घेतलेल्या वाचनांत ०.०१ चा फरक नुसत्या हवामानाचा. म्हणून वाचनाशेजारी तापमान लिहा, आणि तेल व पाणी एकाच दिवशी, एकाच खोलीत मोजा.

तेल हाताशी आहे तर ग्लासात ते भरून बोरोसिलिकेट काचेची कांडी बुडवा. तिचाही अपवर्तनांक १.४७ च्या आसपास असल्याने किरण तिच्या पृष्ठावर वळतच नाहीत आणि बुडालेला भाग दिसेनासा होतो. साध्या काचेची कांडी पुसटशी दिसत राहते. हातातलं भिंगही पाण्यात बुडवून पाहा: २० सेंमीचं नाभीय अंतर ८० सेंमीच्या आसपास जातं, तेलात तर भिंग जवळजवळ निकामी होतं. भिंगावरचं तेल भांड्याच्या साबणाने आणि कोमट पाण्याने काढा. राख किंवा घासणी लावली तर बारीक ओरखडे पडतात आणि पुढच्या वर्षीच्या प्रतिमा धुरकट येतात.